मराठी विकिपीडियावर जीवशास्त्राचे लेख : तीन दिवस बसूया का?

माळटिटवी · मंगळवार, रात्री ९.४०

कोल्हापुरातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. गेल्या आठवड्यात एका पोरीनं विचारलं, "बाई, तंतुकणिकेवर पुस्तकात आहे त्याच्या पलीकडे मराठीत कुठं वाचायला मिळेल?" तंतुकणिका म्हणजे मायटोकाँड्रिया, पेशीचं ऊर्जाकेंद्र. मधल्या सुट्टीत फोनवर शोधलं. मशीननं केलेल्या एका भाषांतरात पेशीच्या जागी चक्क बॅटरीचा सेल बसला होता. पोरगी हसली. मला काही हसू आलं नाही.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. २ ऑक्टोबर यंदा शुक्रवारी येतोय. त्याला शनिवार-रविवार जोडून तीन दिवस आपण तीसेक जण मराठी विकिपीडियावर जीवशास्त्राचे लेख लिहायला बसलो तर? वन्यजीव सप्ताह २ ते ८ ऑक्टोबर असतो, त्यामुळे परवानगी मागायला निमित्तही होतं. खरं तर मला ५ ते १२ नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह जास्त आवडला असता, एका टोकाला चितमपल्लींचा वाढदिवस, दुसऱ्या टोकाला सालिम अलींचा. पण यंदा त्यातच दिवाळी आहे, चकल्या सोडून कोण येणार? उलट ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पितृपक्ष आहे. लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही. सगळे मोकळे.

जागा एका ओळखीच्या कॉलेजात मिळतेय, संगणकाची लॅब, ३० मशिनं. गडहिंग्लज, आजरा, इचलकरंजीकडच्यांनी घरी बसून लिहावं, व्हिडिओ कॉल दिवसभर चालू ठेवू. तीन दिवसांत १०० लेख करायचे असं मनात आहे. पेशीपासून गव्यापर्यंत काहीही. कोण कोण येतंय?

कटवडा · मंगळवार, रात्री १०.१५

मी हाय. पण ताई, शंभर? जेवायला तरी सोडणार हाय का न्हाई?

तीस मशिनं एकाच लाइनीवर असतील तर पयला घोटाळा आत्ताच सांगून ठेवतो. विकिपीडियावर एका आयपी पत्त्यावरनं २४ तासांत सहाच नवीन खाती निघतात. सातव्याला दार बंद. दोन वर्षांमागं एका ठिकाणी (नाव घेत न्हाई) डोळ्यानं बघितलंय. चाळीस पोरं येऊन बसलेली, सहा जणांची खाती झाली, बाकीची चौतीस तासभर पडद्याकडं बघत बसली. मग एका शहाण्यानं शक्कल काढली, सगळ्यांनी एकाच खात्यातनं लिहायचं. तेबी चालत न्हाई, एक माणूस एक खातं असा नियम हाय. संध्याकाळी वडा झाला, चहा झाला, ग्रुप फोटो झाला. लेख झाले दोन.

म्हणून सगळ्यांनी आठ दिवस आधी घरातच आपापल्या मोबाइल डेटावर खातं काढायचं. आणि खात्याला शाळेचं, मंडळाचं, तालमीचं नाव द्यायचं न्हाई, ते बंद करतात.

गंगावेशकर · बुधवार, सकाळी ६.०५

ताई, उपक्रम चांगला आहे. मी निवृत्त माणूस, वय ६८. मला मराठी टंकता येत नाही आणि आता शिकेन असंही वाटत नाही. त्यामुळे माझा उपयोग काय ते तुम्हीच सांगा. करवीर नगर वाचन मंदिराचा जुना सभासद आहे. १८५०ची संस्था आहे, तिथे काही शोधून आणायचं असेल तर ते काम मला द्या. रंकाळ्यावर फिरून झालं की दिवसभर रिकामाच असतो.

कटवडा · बुधवार, सकाळी ९.३०

काका, विकिपीडियात कंट्रोल आणि एम दाबलं की रोमनमधनं टाइप करून मराठी उमटतंय. फोनवर तर बोललं तरी लिहून देतंय. शिकवतो मी, मिसळ तुमच्याकडं.

धुळपाटी · बुधवार, दुपारी १.२०

पुण्याहून लिहितोय, पण बरीच वर्षं मराठी विकिपीडियावर पडीक आहे (आयडी त्यावरूनच घेतलाय, तिथे सराव करायच्या कोऱ्या पानाला धुळपाटी म्हणतात). थोडं कडू बोलतो, माफ करा.

शंभर लेख हे ध्येय सोडून द्या. मराठी विकिपीडिया १ मे २००३ला सुरू झाला. तेव्हापासून तिथे कशाची कमी असेल तर ती लेखांच्या संख्येची नाही, पोट असलेल्या लेखांची आहे. स्पर्धा आली की लोक आकड्यामागे धावतात. मग "गवा हा एक प्राणी आहे. तो जंगलात राहतो." अशी दोन ओळींची पानं पडतात. महिन्याभरानं त्यांच्या डोक्यावर 'पानकाढा' साचा (हे पान काढून टाका अशी सूचना) लागतो आणि नवीन माणूस रुसून जातो तो कायमचा. निस्तरायला आम्ही चार-पाच जण. एकदा अशाच एका 'महोत्सवा'नंतर मी दिवाळीची सुट्टी पानं साफ करण्यात घालवली. बायको अजून ऐकवते.

तेव्हा आधी चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामायिक चर्चेच्या पानावर, एक निवेदन टाका, की अमुक दिवशी अमुक ठिकाणी इतके नवीन सदस्य येणार आहेत. प्रचालकांना (पानं काढायचे अधिकार असलेल्या सदस्यांना) आधी माहीत असलं की ते नवख्यांची पानं लगेच उडवत नाहीत, आणि खात्यांच्या मर्यादेचाही मार्ग आधी विचारला तर निघतो. दुसरं, यादी करताना फक्त नसलेले लेख बघू नका. असलेले पण आजारी लेख जास्त मोलाचे असतात. संदर्भ नसलेला मोठा लेख सुधारणं नवख्याला सोपं जातं, कारण समोर काहीतरी असतं, कोऱ्या पानाची भीती नसते.

भाषांतराचं साधन वापरायला हरकत नाही. पण मशीननं दिलेलं वाक्य मोठ्यानं वाचून बघा. आपल्या आजीला कळेल असं वाटत नसेल तर मोडून पुन्हा लिहा.

आणि उचलेगिरी अजिबात नको. वर्तमानपत्र, पाठ्यपुस्तक, मराठी विश्वकोश, सगळ्यांचा आधार घ्या, संदर्भ द्या, पण वाक्यं आपली हवीत. शिक्षकांना हे सांगावं लागतं, कारण फळ्यावर उतरवून घ्यायची सवय आपणच लावलेली असते.

माळटिटवी · बुधवार, रात्री ८.५०

लागलं. पण बरोबर आहे. शंभरचा आकडा खोडते.

दाजीपूरवाला · बुधवार, रात्री ११.३०

मी राधानगरीच्या जंगलात २५ वर्षं फिरतोय. अभयारण्य १९५८चं, साडेतीनशे चौरस किलोमीटरचं, आणि ओळखलं जातं ते गव्यासाठी. तुमच्या यादीत गवा आहे म्हणून लिहितो. पेपरात बघावं तेव्हा 'गवारेडा'. नाहीतर 'बायसन'. अहो, रेडा हा म्हशीच्या घराण्यातला. बायसन अमेरिकेत आणि युरोपात. आपला गवा म्हणजे बॉस गॉरस, गाय-बैलाचा भाऊबंद. मोठा नर हजार किलोच्या घरात, अंगानं काळाभोर आणि चारी पायांत पांढरे मोजे घातल्यागत. पहिल्या पावसानंतर कोवळं गवत आलं की सावराईच्या सड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर) कळप उतरतात, हे मी दरवर्षी बघतो.

आता मला सांगा. मी हे लिहिलं तर ठेवणार का काढणार? मागं एकदा एका मित्रानं माझ्याकडून ऐकून चार ओळी घातल्या होत्या. दुसऱ्या दिवशी 'संदर्भ हवा' असं लिहून आलं. पेपरवाल्यानं गवारेडा छापलं तर तो संदर्भ, आणि मी पावसात जळवा काढत उभा राहून बघितलं ते काहीच नाही?

धुळपाटी · गुरुवार, सकाळी १०.१०

दादा, तुमचा राग समजतो, पण तो नियम तुमच्याविरुद्ध नाही. उद्या एखादा येऊन "मी २५ वर्षं बघतोय, मांडूळ दुतोंडी असतो" म्हणाला तर? वाचणाऱ्याला तुम्ही कोण आणि तो कोण हे कळायला मार्ग नसतो. त्यामुळे स्वतःचं निरीक्षण, कितीही खरं असलं तरी, तिथे चालत नाही. आधी कुठेतरी छापून आलेलं लागतं.

पण तुम्ही नसाल तर तो 'गवारेडा' लेखात शिरणार, कारण नवखा पोरगा पहिला मिळेल तो पेपर उचलतो. कोणता संदर्भ भरवशाचा हे तुम्ही सांगायचं. गव्याचं शास्त्रीय वर्णन १८२७चं आहे, आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत तो १९८६पासून 'असुरक्षित' गटात आहे, १९७२च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे. हे सगळं छापील मिळतं. 'गवारेडा' हे नाव चुकीचं असलं तरी लोक ते वापरतात, म्हणून त्या नावाचं पुनर्निर्देशन ठेवायचं (ते नाव शोधलं तरी गव्याचाच लेख उघडेल) आणि लेखात एका वाक्यात खुलासा करायचा. सड्यावरच्या कळपाचं वाक्य जाईल, पण त्याचा फोटो कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रांच्या भांडारात, राहील. तुमच्याकडे फोटो असतीलच.

दाजीपूरवाला · गुरुवार, दुपारी २.४५

फोटो ढीगभर. पण मला ते कॉमन्स-बिमन्स जमत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवतो, तुम्हीच टाका.

कटवडा · गुरुवार, दुपारी ३.००

दादा तसं नगं. व्हॉट्सॲपनं फोटो आवळला जातो, आणि कुठल्या कॅमेऱ्यानं कधी काढला ती आतली माहिती पुसली जाती. मग कॉमन्सवाले विचारत्यात, "हा तुझाच कशावरनं?" ज्यानं काढला त्यानंच आपल्या खात्यावरनं मूळ फाइल चढवायची. परवाना एकदा वाचून घ्या, कारण नंतर कुणी तो फोटो पुस्तकात छापला, विकला, तरी नाव देऊन तसं करायची मुभा तुम्हीच दिलेली असती. पटत असंल तरच चढवा. मी येतो घरी, दहा मिनिटांचं काम हाय.

सूक्ष्मदर्शी · गुरुवार, रात्री ९.२५

इतका वेळ नुसती वाचत होते. वनस्पतिशास्त्रात संशोधन करते, त्यामुळे हाताशी असलेलं भांडण आणलंय. बसायच्या आधी हे मिटवा, नाहीतर तिसऱ्या दिवसापर्यंत फक्त चर्चापानं भरतील.

जाती आणि प्रजाती. शाळेच्या पुस्तकात वर्गीकरणाची उतरंड संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती अशी आहे. म्हणजे प्रजाती वरची, तिच्या पोटात अनेक जाती. पँथेरा ही प्रजाती, त्यात वाघ ही एक जाती, सिंह ही दुसरी. पण टीव्ही लावा, पेपर उघडा, "नव्या प्रजातीचा शोध" म्हणून बातमी असते आणि सापडलेली असते जाती. हिंदीचा वारा लागलाय. त्यात विकिपीडियाच्या जीवचौकटीत (लेखाच्या कडेच्या वर्गीकरणाच्या तक्त्यात) 'जातकुळी' असा तिसराच शब्द दिसतो. नवख्यानं कुठला धरायचा?

आणि 'जाती' लिहायला लोक कचरतात, हेही मी पाहिलंय. एक विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, जात लिहायला कसंतरी वाटतं." त्याला काय सांगणार.

माळटिटवी · गुरुवार, रात्री १०.००

दहावीचा पेपर तपासताना मी 'जाती'च्या जागी 'प्रजाती' लिहिलेल्याचा अर्धा गुण कापते, त्यामुळे माझं मत उघड आहे. पाठ्यपुस्तक आणि भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश समोर ठेवू. त्यात आहे तो शब्द घ्यायचा, एका लेखात एकच शब्द ठेवायचा, आणि शास्त्रीय नाव तिरप्या रोमन अक्षरात शेजारी द्यायचं. पहिला शब्द मोठ्या अक्षरानं, दुसरा लहान. लिनियसनं १७५३ला वनस्पतींना आणि १७५८ला प्राण्यांना ही दुहेरी नावं लावून दिली, निदान त्यात तरी भांडण नको. तंतुकणिका, हरितलवक, विकर हे शब्द पोरांना पाठ आहेत. लेखात पहिल्यांदा येईल तिथे 'मायटोकाँड्रिया म्हणजेच तंतुकणिका' असं एकदा म्हणू आणि पुढे जाऊ.

सूक्ष्मदर्शी · गुरुवार, रात्री १०.४०

चालेल. फक्त जुन्या पुस्तकांपासून जपा. नावं बदलतात. रंकाळ्यातली जलपर्णी आपण इतकी वर्षं आयकॉर्निया म्हणून शिकलो, २०१८मध्ये तिची रवानगी पाँटेडेरियात झाली. वनस्पती तीच, दक्षिण अमेरिकेतून आलेली, अनुकूल पाणी मिळालं की आठ-पंधरा दिवसांत दुप्पट होणारी. फक्त पाटी बदलली.

दुसरं उदाहरण तर कोल्हापूरकरांना आवडेल. कंदीलपुष्पं, म्हणजे सिरोपेजिया, त्यांच्यावर शिवाजी विद्यापीठात मोठं काम झालंय आणि तिथल्या वनस्पती उद्यानात ती जपलीही आहेत. जुन्या पुस्तकांत ही मंडळी रुईच्या कुलात. पुढे ते अख्खं कुलच ॲपोसायनेसीत विलीन झालं. आता ॲपोसायनेसीला मराठीत काय म्हणतात? करवीर कुल! कण्हेरीचं संस्कृत नाव करवीर, त्यावरून. म्हणजे कंदीलपुष्पं वर्गीकरणानंसुद्धा करवीरवासी झाली.

कटवडा · गुरुवार, रात्री १०.४२

नाद खुळा 😄 अंबाबाईची कृपा.

गंगावेशकर · शुक्रवार, सकाळी ६.१०

करवीर कुलाचं वाचून करमणूक झाली. जिल्ह्यातल्या वनस्पतींवरचं एखादं पुस्तक आहे का, म्हणजे मी शोधून ठेवतो.

सूक्ष्मदर्शी · शुक्रवार, सकाळी ८.००

आहे काका. यादव आणि सरदेसाई यांचं 'फ्लोरा ऑफ कोल्हापूर डिस्ट्रिक्ट', २००२चं, विद्यापीठानंच काढलेलं. इंग्रजीत आहे. विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात बघायला मिळेल. जिल्ह्यात ती वनस्पती आहे का, हा प्रश्न आला की मी आधी ते उघडते.

एक विनंती सगळ्यांना. कंदीलपुष्पं आणि दुर्मीळ आमऱ्या (ऑर्किड) यांचे फोटो टाकताना नेमकी जागा देऊ नका. अमुक सड्याच्या अमुक कड्यावर असं लिहिलं की पुढच्या रविवारी कंद उपटायला माणूस हजर. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावरसुद्धा धोक्यातल्या जातींचं ठिकाण आपोआप धूसर केलं जातं. तालुक्याचं नाव पुरे. फोनच्या फोटोत जीपीएस दडलेलं असतं, तेही चढवण्याआधी काढून टाका.

दाजीपूरवाला · शुक्रवार, दुपारी १२.१५

याला माझा शंभर टक्के पाठिंबा. घरट्यांचे फोटोही नकोत.

आणि सापांच्या लेखात पोरांना एकटं सोडू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांची माहिती लिहा, पण दंशावरचे गावठी उपाय कुणी 'स्थानिक माहिती' म्हणून घातले तर तिथल्या तिथे काढा. कुणीतरी रात्री दोन वाजता घाबरून तेच वाचत असणार.

माळटिटवी · शनिवार, सकाळी ११.००

चार रात्री तुमचे प्रतिसाद वाचून बेत बदललाय. तीस जणांना तीस मशिनं द्यायची नाहीत. जोड्या लावायच्या. एका खुर्चीत विषय जाणणारा, शेजारी लिहिणारा. दाजीपूरवाले दादा आणि माझी दहावीतली एक माजी विद्यार्थिनी, लेख गवा. गंगावेशकर काका आणि कटवडा, लेख भारद्वाज. सूक्ष्मदर्शींसोबत कॉलेजातली दोन मुलं, लेख कंदीलपुष्प. माझ्याकडे तंतुकणिका, त्या पोरीसोबत. अशा बारा जोड्या, बारा लेख. एका लेखाला एकच जोडी, नाहीतर दोघं एकाच वेळी तेच पान उघडतात आणि नंतर जतन करणाऱ्याला आपलं लिखाण पुन्हा बसवत बसावं लागतं.

शुक्रवारी फक्त संदर्भ गोळा करायचे, एक अक्षर लिहायचं नाही. शनिवारी धुळपाटीवर लिहायचं. रविवारी दुसऱ्या जोडीनं वाचायचं आणि मगच लेख मुख्य जागी न्यायचा. धुळपाटीसाहेब, रविवारी कॉलवर याल का?

धुळपाटी · शनिवार, दुपारी १२.३०

येतो. पहिला दिवस लिखाणाविना हे मी आजवर कुठल्या कार्यशाळेत पाहिलेलं नाही. पोरं कंटाळतील, पण करून बघा. आणि सांगायचं राहिलं, नवीन सदस्यानं बाहेरचा दुवा टाकला की कॅप्चा (वेडीवाकडी अक्षरं ओळखायची चाचणी) विचारतो. बिघाड नाही तो. घाबरून टॅब बंद करू नका.

गंगावेशकर · शनिवार, दुपारी ४.००

भारद्वाजाला आमच्याकडे कुक्कुडकुंभा म्हणत. लहानपणी तो दिसला की आई पाया पडायला लावायची. हे लेखात चालेल का?

कटवडा · शनिवार, दुपारी ४.२०

नावाला छापील संदर्भ मिळाला की चालतंय काका. आईचं मात्र न्हाई चालणार.

माळटिटवी · सोमवार, ५ ऑक्टोबर, रात्री ९.१५

झालं एकदाचं. हिशेब देते.

बारा जोड्या ठरल्या, आल्या नऊ. लेख उभे राहिले सात. दोन अजून धुळपाटीवर आहेत, त्यातला एक माझाच. तंतुकणिकेत ऊर्जा कशी तयार होते ते लिहिताना तिसऱ्या परिच्छेदातच अडकले. वर्गात 'पेशीचं ऊर्जाकेंद्र' म्हणून सुटते, लिहायला बसलं की ते वाक्य पुढे सरकत नाही. आमची पोरगी म्हणाली, "बाई, तुम्हालाच नीट माहीत नाही का?" थोडंसं खरं होतं. घरी येऊन माझं पदवीचं पुस्तक माळ्यावरून काढलं.

शुक्रवारी दुपारी दोन मुलं कंटाळून निघून गेली, धुळपाटीसाहेब म्हणाले तसंच. शनिवारी लाइट दीड तास गेली. नेट मात्र टिकलं आणि खाती सगळ्यांची घरूनच झालेली होती, त्याबद्दल कटवड्याला तांबडा-पांढरा लागू.

गव्याच्या लेखाला नऊ संदर्भ आहेत. दादांनी त्यातले चार नाकारून दुसरे शोधायला लावले, लिहिणारी मुलगी रडकुंडीला आली होती. रविवारी संध्याकाळी तीच दुसऱ्या जोडीला सांगत होती, "हा पेपर नको, हे गवारेडा म्हणतात."

गंगावेशकर · मंगळवार, सकाळी ६.००

कुक्कुडकुंभा या नावाला संदर्भ मिळाला. जुनं पुस्तक आहे, पान क्रमांकासह टिपून ठेवलंय. कटवडा, कधी येतोस? तोपर्यंत मीच कंट्रोल एम दाबून बघतो.

दाजीपूरवाला · बुधवार, सकाळी ७.३०

काल रात्री कुणीतरी गव्याच्या लेखात 'जाती'चं 'प्रजाती' केलंय, सगळीकडे. इतिहास पानावर दिसलं. नवीन खातं आहे, कालच उघडलेलं. मी उलटवणार होतो, मग म्हटलं थांबावं. त्याच्या चर्चापानावर परिभाषा कोशाचं नाव घालून दोन ओळी लिहिल्यात, गोडीत. आणि दिवाळीनंतर पुन्हा बसणार आहोत, येतोस का, तेही विचारलंय.